लिपलेला सायलेन्सर
सुनेच्या कळा वाढत होत्या, ट्रॉलीत ती उताणी पडली होती आणि ट्रॅक्टर काही केल्या सुरू होत नव्हता. मुलगा चावी फिरवायचा, इंजिन घरघरायचं आणि गुदमरल्यासारखं बंद पडायचं. चिचगडच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्याचा पावसाने चिखल झाला होता, त्यात दुसरी गाडी येणार नव्हती. "डिझेल संपलं असन," शेजारी म्हणाला. "भरून हाये ना डिझेल!" मुलगा ओरडला. "मंग बॅटरी उतरली," शेजाऱ्याचा भाऊ म्हणाला. सगळे वाकून इंजिनात पाहत होते आणि कोणाचं ऐकावं तेच मला समजत नव्हतं. तेवढ्यात सून सासऱ्यावर किंचाळली, "मामाजी, वरचा पाइप काऊन लिपला जी?" उताणी असल्यामुळे बॉनेटवर उभा असलेला सायलेन्सर तिलाच दिसला. माझा नवरा म्हणाला, "ट्रॅक्टरवरचा मांडव गळते ना, पानी जाऊ नये म्हून मीच शेणमातीनं लिपला. धानाच्या कोठीचं तोंड लिपतो तसाच." "धान दम घेत नाही, बाबा, इंजिन घेते!" म्हणत मुलगा बॉनेटवर चढला आणि विळ्याने वाळलेली माती टोकरू लागला. मग ट्रॅक्टर काळा धूर ओकत निघाला. दवाखान्यात पोर मेलेलंच जन्मलं. आमच्या उशिराने मेलं की आधीच मेलं होतं, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. मी नवऱ्याला कधी दोष दिला, कधी दिला नाही. आता तोही नाही, पावसात मुलगा त्या पाइपावर पत्र्याचा डबा उपडा घालतो, आणि पोर कशाने गेलं ते मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी सून तेवढी वाचली.