सुपारीचे पतंग

उकंडा आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. त्याच्या आधीचे लेकरं जगले नाही, म्हणून मायनं हा झाल्याबरोबर त्याले उकंड्यावर, म्हणजे शेणाच्या ढिगावर लोळवलं अन् तेच नाव ठेवलं. नजर लागू नये म्हणून. आमच्या बाभुळगावकडं असे नाववाले माणसं अजून भेटतात. नाव असं, पण माणूस सोनं हाय बाप्पा! एकच खोड, खर्रा. दिवसभर तळहातावर सुपारी-तंबाखू घोटत राह्यते. मी बोलून बोलून थकली.

ज्या साली बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी पोखरली, त्या साली आमच्या जिल्ह्यात विषाचे फवारे मारता मारता माणसं पडले. आमचा उकंडाही पडला. तोंडाले फेस, डोळे लालभडक. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसलती. वाचला, पण नजर अधू झाली ते झालीच. घरी आणला तशी मी आमच्या मालकाले, सदाशिवरावले, ठणकावून सांगतलं, "याच्या पाठीवर पुन्हा पंप दिसला, तर मी माहेरी चालली." त्यायनं पंप गोठ्यात नेऊन टाकला. माझं ऐकतात, शहाणे हाय.

पुढं काही वर्षांनी कृषी सहायक प्रेरणानं आमच्या वावरात कामगंध सापळे लावले. पिशवीवर मादी पतंगाच्या वासाची गोळी टांगायची. वास कारखान्यातला, तरी नर धावत येऊन आत पडते. बाप्यांची जातच तशी! मग पिशवी कागदावर झाडायची, फोटो काढायचा, अन् फोनातली एआय एकेक पतंग ओळखून त्याच्याभोवती चौकोन काढते. पतंग थोडे असले तर फोन हिरवं दाखवते, फवारा नको. लय असले तर लाल, फवारा मारा. आजवर काय होतं? शेजाऱ्यानं मारला की आपणही मारायचा! प्रेरणा म्हणे, किडीले भुलवणारे नवे वास शोधायलेही शास्त्रज्ञ आता असेच कॉम्प्युटर वापरून राह्यले. मले त्यातलं ओ की ठो समजत नाही. विष कमी मारा लागते, एवढं समजलं अन् तेवढ्यानंच माझा जीव भांड्यात पडला.

हे काम उकंडाले देलं. डोळे अधू असले तरी मोजणारा फोनच होता ना! पायजामा पोटऱ्यांपर्यंत वर करून, खर्रा घोटत, मोठ्या ऐटीत सापळे पाहाले जाये. हिरवं आलं की वावरातूनच ओरडे, "वैनी, हिरवं!"

एक दिवस ओरडला नाही. अंगणात आला अन् फोन हातात धरून खाली बसला.

"वैनी, लाल आलं."

मालक म्हणाले, "फोननंच सांगतलं तर माराच लागते. पण मारते कोण? गावात कोणी पंपाले हात लावाले तयार नाही."

"मी मारतो भाऊ," उकंडा म्हणाला. "नाहीतर उभी पऱ्हाटी जाईन."

अन् तो खरंच गोठ्यातला पंप काढाले उठला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बस खाली, भैताडा! मराची हौस आली काय तुले?" असं म्हणत मी त्याच्या हातातला फोन ओढला. फोटो पाह्यला अन् बोटानं मोठा केला. चौकोनच चौकोन! पण निम्म्यायले पंख दिसन तर शपथ.

"कागद कुठं हाय रे?"

त्यानं खिशातून पतंगांसकट कागदाची घडी काढली. मी ती नाकाशी नेली. तंबाखू! त्याच्या हाताले चिकटलेला खर्रा पतंगांसोबत कागदावर झडला होता. त्याले दिसला नाही, अन् फोननं सुपारीचे तुकडेही पतंगात धरले.

"हात धू आधी! साबणानं!" मी गरजली. कोऱ्या कागदावर पतंग तेवढे निवडून ठेवले अन् फोटो काढला.

हिरवं.

उकंडा हसाले गेला अन् त्याले रडूच फुटलं. मीही रडली, कायले खोटं बोलू? मालक मात्र पंपाकडं पाहत उभे होते. प्रेरणाले सांगतलं तर ती पोट धरून हसली, अन् तिनं खर्ऱ्याचे आणखी फोटो काढून एआयवाल्यायले पाठवले. आता तो फोन सुपारीले पतंग म्हणत नाही. उकंडाचा खर्रा काही सुटला नाही, पण सापळ्याले हात लावाच्या आधी साबण लावते.

दिवाळीआधी खरंच लाल आलं, एका कोपऱ्यात. हातमोजे घालून, तोंडाले मास्क लावून पंप मालकांनी स्वतःच्या पाठीवर घेतला. उकंडाले मी लांब वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, उभं केलं. तिथून तो सारखा ओरडत होता, "भाऊ, वाऱ्याच्या उलटं नका मारू! अंगावर येते ते!"

तो पडला त्या साली त्याले हे कोणी सांगतलं नव्हतं.