माईक काढल्यावर आलेला खोकला

भूतखेत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य गेलंय माझं. तरी लिहितोय, कारण यात माझाच एक नीचपणा आहे... तो आजवर कुणाला सांगितलेला नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. जालन्यात मस्तगडला माझा शाळासोबती रफिक याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत आम्ही दोघं एफएम ट्रान्समीटर बनवत होतो – हौसेचा, गल्लीपुरता. छताचे पत्रे तापले की ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी सरकायची, म्हणून तिला जागेवर धरून ठेवणारं सर्किट जोडलं. त्याचा सगळा जीव लूप फिल्टरमध्ये – दोन-तीन रेझिस्टर आणि कपॅसिटर. फिल्टर घाईचा झाला तर आवाजातला खर्ज खाऊन टाकतो, फार सुस्त झाला तर फ्रिक्वेन्सी लॉकच होत नाही, भटकत राहते.

त्याच खोलीत रफिकचे अब्बा खाटेवर पडून असत. जुना दमा. घशातून कफ ओढल्याचा तो ओला, चिकट आवाज, मग पत्र्याच्या डब्यात थुंकणं... मला अक्षरशः किळस यायची. माईकमध्येही तेच शिरायचं. शेवटी मी म्हणालो, काम होईपर्यंत यांना दुसरीकडे हलव.  दुसऱ्या दिवशी रफिक अब्बांना मंठ्याला आपल्या बहिणीकडे सोडून आला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, मी फिल्टरमध्ये मोठा कपॅसिटर टाकला. लॉक झालं. माईक काढलेला, इनपुट शॉर्ट केलेलं, म्हणजे चाचणीसाठी शेजारी ठेवलेल्या रेडिओवर शांतता हवी. आणि आला तो खोकला. कफ ओढणं, थांबणं, डब्यात पडल्याचा टप्प आवाज. कपॅसिटर बदलला की गायब, तोच लावला की परत. वायरी, सप्लाय, सगळं तपासलं. मग बाहेर नालीवर जाऊन ओकलो.

अब्बांचाच आवाज ओळखून रफिकनं मंठ्याला फोन लावला. बहीण म्हणाली, अब्बा दुपारपासून एकदाही खोकले नाहीत, जेवून निवांत झोपलेत.

"हे बंद नको करू," रफिक म्हणाला. "अब्बाला आराम पडून राह्यला."

लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं ट्रकची बॅटरी आणून जोडली. चार दिवस सर्किट चालू, चार दिवस रेडिओ खोकतोय. मला घास गिळेना. निदान रेडिओ तरी बंद कर म्हटलं, तर म्हणाला, "एकटं कसं सोडू त्यान्ला?" तो शेजारी बसूनच गिऱ्हाइकांची कामं करायचा.

पाचव्या दिवशी शुक्रवार होता. रफिक नमाजला गेला आणि मी तो कपॅसिटर उपसून नालीत फेकला. हात साबणानं तीनदा धुतले.

संध्याकाळी मंठ्याहून फोन आला – खोकला परत सुरू, आधीपेक्षा जास्त.

"तू काढला का रे?" रफिकनं विचारलं.

मी म्हणालो, जळाला.

त्यानं तेवढ्याच क्षमतेचे डझनभर कपॅसिटर आळीपाळीनं लावून बघितले. दर वेळी लॉक व्हायचं. रेडिओ मात्र स्वच्छ, शांत... आम्हाला आधी हवा होता तसा. पंधरा दिवसांत अब्बा गेले.

तो आवाज कुठून येत होता, त्या एकाच कपॅसिटरमध्ये काय होतं, याची आकडेमोड पुष्कळ करून झाली. तेव्हाची किळस आठवली की आता माझीच किळस येते. रफिक अजून मस्तगडलाच आहे, आणि मराठी माझ्याइतकंच वाचतो. हे त्याच्या हाती पडलं तर पडू दे.