कोजोच्या चेहऱ्याचा साबण

साबण करायचा म्हटलं की अरबा चार पावलं मागे सरायची. लहानपणी मावशीच्या परसात पाम तेलाचा साबण शिजायचा. त्यात घालायच्या कॉस्टिक सोड्याने मावशीच्या मनगटावर जो डाग उठवला, तो तिच्याबरोबरच शवपेटीत गेला. म्हणून चर्चच्या महिला मंडळातल्या बाईंनी कॉस्टिकला हातही न लावता साबण करायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा अरबा पुढच्या बाकावर जाऊन बसली. तयार साबणाची पारदर्शक लादी आणायची, गुळासारखी चिरायची, उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून वितळवायची, गवती चहाचं तेल टाकायचं आणि साच्यात ओतायची.

"एवढंच? बाई, हा साबण की पाहुण्यांचं सरबत?" असं तेव्हा ती म्हणाली होती.

ही विद्या पहिल्यांदा नवऱ्याच्याच मयताला कामी येईल, हे कुठे ठाऊक होतं!

कोजो समुद्रकाठच्या साल्टपाँड गावातल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. त्याचा एकुलता एक बरा फोटोही वाजवतानाचाच, दोन्ही गालांत दोन संत्री लपवल्यासारखा. मयताला आलेल्यांच्या हातात काहीतरी आठवण ठेवावी लागते. कुणी रुमाल देतं, कुणी वाडगा. अरबाने साबण द्यायचा ठरवला. आधी पातळ थर, त्यावर प्लॅस्टिकवर छापलेला कोजो, वर दुसरा थर. काचेतून बघावा तसा नवरा दिसायला लागला.

हे प्रेमापोटी होतं, तसं थोडं खोलीपोटीही होतं. घर कोजोच्या आईकडच्या घराण्याचं. रिवाजाप्रमाणे ते जाणार बहिणीच्या मुलाकडे. विधवेला मागची खोली राहू द्यायची की नाही, ते घराण्याच्या मर्जीवर. शनिवारी माती, रविवारी चर्च आणि चर्चनंतर बैठक. तोवर मर्जी कमवायची होती.

मंडळातल्या बाईंनी बजावलं होतं, "गार झाला की लगेच गुंडाळून ठेव गं, हा हवेतलं पाणी ओढतो." पण मावशीचं बजावणं त्याहून जुनं: पेटी बंद होईपर्यंत गेलेल्याचं तोंड झाकू नये. जिवंत बाई आणि मेलेली मावशी यांत अरबाने मावशीचं ऐकलं. शुक्रवारी संध्याकाळी सगळे कोजो उघड्या तोंडाने टेबलावर मांडले.

सकाळी समुद्राकडून दमट वारा सुटलेला. सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांतली मंडळी आली. पुढे नणंद मन्सा. तिने एक साबण उचलला आणि अशी किंचाळली की बँडवाले सूर चुकले.

"रडतोय! माझा भाऊ रडतोय!"

खरंच, फुगलेल्या गालांवरून थेंब ओघळत होते. टेबलावरचा एकूण एक कोजो डबडबला होता.

"वन्सं, ती हवा आहे हो. साबणाला घाम येतो," अरबा म्हणाली.

"घाम? जन्मात कधी कामाने घाम आला नाही त्याला, आता येतोय? तू काय छळलंस ते सांगतोय तो, वहिनी!"

अरबा ओढणीने एकेक कोजो पुसत सुटली. शेवटचा पुसेपर्यंत पहिला पुन्हा ओला. कुणी साबण घेतला नाही. रडणाऱ्या माणसाला बगलेत चोळणार कोण?

रविवारी बैठक झाली आणि अरबाला खोली नाही, असं ठरलं. घराण्यातले वडीलधारे नाना अटा उठले, तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, माझ्याकडचं मीठसुद्धा असंच पाझरतं. मला कळतं गं."

"मग बैठकीत का नाही सांगितलंत, नाना?"

"सांगितलं असतं. पण मन्साच्या मुलाचं सामान त्या खोलीत यायला गुरुवारीच निघालंय. मन्साला कारण हवं होतं, साबणाने दिलं. नसतं दिलं, तर भातात खडा सापडला असता."

अरबाने साबण पोत्यात भरले आणि समुद्रापासून आत दूर, भावाच्या गावी गेली. भावजयीने स्वयंपाकघराच्या आडोशाला चटई दिली, आणि तीही उपकाराच्या सुरात.

डिसेंबरात उत्तरेचा कोरडा, धुळीचा वारा सुटला. ओठ फुटले, माठाखालची माती तडकली. अरबाने पोतं उघडलं. सगळे कोजो कोरडे ठणठणीत, गाल फुगवून मजेत वाजवताहेत.

"आता?" ती त्यातल्या एकाला म्हणाली. "आता थांबलास होय रे रडायचा?"

तिने त्याला बादलीपाशी नेलं आणि भावजयीचे कपडे धुवायला बसली.