इन्चार्जची खुर्ची

दुकानात तिला सगळे ‘वरच्या ताई’ म्हणायचे. कारण साधं होतं. बायकांच्या तयार कपड्यांचं ते दुकान. खाली काचेचा दर्शनी भाग, झगझगीत दिवे, काडीसारखे पुतळे. आणि मागच्या कोपऱ्यातून एक अरुंद, उभा जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर मोठ्या मापाचे कपडे. ज्या बाईला जिना चढताना सगळ्यांत जास्त त्रास होतो, तिचेच कपडे जिन्याच्या टोकाला ठेवायचे, ही अक्कल कुणाची, देव जाणे. मालकांच्या वडिलांच्या वेळी तसं होतं, म्हणून मालकांच्या वेळीही तसंच राहिलं. आणि ते कपडे विकायला वर कोण, तर दुकानातली सगळ्यांत जाड बाई. ह्याला मालक ‘गिऱ्हाइकाची सोय’ म्हणत.

सोय होत होती, हे मात्र खरं. एखादी बाई धापा टाकत वर आली की ताई आधी तिला काहीच विचारायची नाही. पाण्याचा पेला पुढे करायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि तोवर नजरेनंच माप घ्यायची. मग कपडा काढून, मानेमागची मापाची चिठ्ठी छोट्या कात्रीनं कापून टाकायची आणि म्हणायची, “घालून बघा. माप-बीप मनावर घेऊ नका.” तरीही बाई घुटमळली, तर ताई स्वतःच तो ड्रेस अंगावर चढवून पडद्याबाहेर यायची आणि एक गिरकी घ्यायची. “बघा, माझ्यावर बरा दिसतो, मग तुमच्यावर का नाही दिसणार?” बाई हसायची, आणि हसलेली बाई सहसा रिकाम्या हातानं जिना उतरायची नाही.

“हे सगळं खाली आणा हो,” असं ताईनं मालकांना कितीदा तरी सांगितलं होतं. “अर्ध्या बायका जिना बघूनच माघारी जातात. दाराशी निदान एक रॅक तरी लावा.” हे ती मालकांच्या केबिनमध्ये उभ्याउभ्याच सांगायची. समोर बारीक पायांची एक खुर्ची असायची, पण मालकांनी तिला कधी बस म्हटलं नाही, आणि खुर्चीचे पाय बघून तिनंही कधी मनावर घेतलं नाही. मालक मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायचे, “बघू नंतर.” ताई “बरं” म्हणून वळायची.

खाली इन्चार्ज बाई होत्या. गल्ल्याच्या मागे हातांची, जाड गादीची एक भक्कम रुंद खुर्ची, आणि त्या खुर्चीत इन्चार्ज बाई. सकाळी येऊन टेकल्या की जेवायलाच उठायच्या. तिथूनच पोरींना कामाला लावायच्या, कंपन्यांच्या माणसांना फैलावर घ्यायच्या, चिडलेल्या गिऱ्हाइकाला थंड करायच्या. कामात पक्क्या होत्या, त्यात शंका नाही. वर्षभरात त्या लेकाकडे राहायला जाणार असं ताईला कळलं. माल कोणता चालतो, कोणता पडून राहतो, कुठल्या कंपनीची शिवण पहिल्या धुण्यात उसवते, हे इन्चार्ज बाईंच्या खालोखाल तिलाच ठाऊक होतं. ती जागा तिला हवी होती. इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

मालकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही,” ते म्हणाले. “पण खाली दिवसभर उभं राहावं लागतं. झेपेल का तुम्हांला?”

केबिनच्या काचेतून गल्ला सरळ दिसत होता. इन्चार्ज बाई खुर्चीत रेलून, पाय छोट्या स्टुलावर टाकून बसल्या होत्या. ताईनं तिकडे पाहिलं. मालकांनीही पाहिलं.

“शिवाय दर्शनी जागा ती,” मालक नजर वळवून म्हणाले. “मी काय म्हणतोय ते कळतंय ना? अजून अवकाश आहे. बघू नंतर.”

न कळायला काय झालं? ती “बरं” म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकत जिना चढून वर गेली.

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि म्हणाला, “सोड गं. तुझ्यासारखी बाई त्यांना शोधून सापडणार आहे का?” नवरा छापखान्यात मशिनीवर होता. त्याचंही पोट चांगलं पुढे आलेलं. पण त्याला काम झेपेल का, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “मी तुला पहिल्यापासून सांगत होते, जरा आवर घाल म्हणून.” आणि पुढच्याच आठवड्यात सूनबाईनं ताटात अर्धंच वाढून घेतलं, तेव्हा ह्याच सासूबाई म्हणाल्या, “आमच्या घरात काय खायला मिळत नाही का?”

मग सुरू झालं ते. वजन कमी करण्याच्या गोष्टी लोक मोठ्या उत्साहानं सांगतात, जसं काही डोंगर सर करून आले. ताईच्या बाबतीत सांगण्यासारखं काही घडलंच नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला आणि कमी खा. तेवढ्यासाठी एवढं शिकायची काय गरज होती, असं ताईच्या मनात आलं. पण ती चालली. बसमधून आधीच्या थांब्यावर उतरायची आणि बँकेची भिंत, सायकलवाल्याचं दुकान, शाळेचं फाटक असं मागे टाकत दुकान गाठायची. शेजारीण म्हणाली गरम पाणी प्या, जाऊ म्हणाली रात्रीचं बंद करा, दुकानातल्या पोरींनी मोबाइलवर नाचायचे व्यायाम दाखवले. ज्यांनी तिला जन्मात काही विचारलं नव्हतं, ते सगळे एकाएकी तिच्या तब्येतीचे जाणकार झाले. बिनसाखरेच्या चहाची सवय होते म्हणतात. तिला झाली नाही. ती रोज तोंड वाकडं करूनच तो प्यायली.

कंटाळा हीच मोठी गोष्ट होती. भुकेपेक्षा कंटाळा. घरातले जेवत असताना आपण ओट्याशी उभं राहून काकडी चावायची, ह्याचा कंटाळा. प्रत्येक घासाला मनाशी वाद घालण्याचा कंटाळा. एकदा नणंदेच्या घरी तिनं केकवर असा ताव मारला की नणंदच गप्प झाली. आणि घरी येताना बसमध्ये ताई चक्क रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आधीच्या थांब्यावर उतरली. जिद्द वगैरे म्हणायला ठीक आहे, पण खरं सांगायचं तर ती थकली होती, आणि थकलेलं माणूस ठरलेल्या थांब्यावर न बोलता उतरतं.

पण वजन उतरलं. गुडघे आधी मोकळे झाले, मग श्वास, मग कपडे. एके दिवशी बसमध्ये तिच्या शेजारच्या जागेवर एक बाई येऊन बसली. उसासा न टाकता, अंग न चोरता, सहज. ताईला इतका आनंद झाला की तिला स्वतःचाच राग आला. एवढीशी गोष्ट, आणि ती आपल्याला इतकी वर्षं मिळत नव्हती, हे आजवर आपण मनाला लागू दिलं नव्हतं.

तिचा आवाजही मोकळा झाला. पूर्वी चार माणसांत तोंड उघडायचं म्हणजे सगळ्यांनी आपल्याकडे बघायचं, आणि बघितलं की काय दिसणार हे तिला माहीत. म्हणून ती थोडक्यात आटपायची. आता तिनं शिवणीत खोट असलेला माल पाठवणाऱ्या कंपनीच्या माणसाची फोनवर अशी हजेरी घेतली की इन्चार्ज बाईंनी खुर्चीतून मान वळवून पाहिलं. खालच्या पोरी म्हणायला लागल्या, “ताई, कसल्या भारी दिसताय!” आणि एक दिवस ती केबिनमध्ये गेली, तेव्हा मालकांनी मोबाइल उपडा ठेवला आणि म्हणाले, “बसा ना.”

ती बारीक पायांच्या खुर्चीत बसली. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.

“इन्चार्ज बाई ह्या महिन्यात जातायत,” मालक म्हणाले. “तुम्ही सांभाळाल ना खालचं? काय काय करता येईल, तुमच्या डोक्यात काही आहे का?”

ताई म्हणाली, “मोठ्या मापाचे कपडे खाली आणा. अर्ध्या बायका जिना बघूनच माघारी जातात.”

मालकांनी टेबलावर थाप मारली. “वा! हे इतक्या वर्षांत कुणाला कसं सुचलं नाही? असं डोकं पाहिजे मला खाली. सुताराला बोलावतो, रॅक करून घेऊ.”

ते थट्टा करत असावेत, असं तिला आधी वाटलं. पण मालकांचा चेहरा अगदी निरागस होता. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ती जाड बाई तिथे उभी राहून हेच शब्द बोलत होती, तेव्हा ते त्यांच्या कानांपर्यंत पोचलेच नव्हते.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, “झालं ना मनासारखं?”

“झालं,” ती म्हणाली. ते खरंही होतं. पगार वाढला, मान मिळाला. सासूबाईंनी शेजारणीला बोलावून सांगितलं. तरी त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, आणि पथ्यासाठीच असेल असं समजून कुणी विचारलं नाही.

वर तिच्या जागी नवी बाई आली. दोन मुलांची आई, अंगानं भरलेली, बोलायला बुजरी. रॅक होईपर्यंत वरचं वरच चालणार होतं. पहिल्याच आठवड्यात ताई तिला माल दाखवायला वर गेली होती, तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या एक बाई जिना चढून आल्या. जुनं गिऱ्हाईक, दर वर्षी सुट्टी लागली की येणार. ताईनं सवयीनं पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी तो घेतला, इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, “इथल्या त्या ताई कुठे आहेत? अशा… माझ्यासारख्या होत्या बघा. फार चांगल्या होत्या हो.”

ताईनं तोंड उघडलं. ‘अहो, मीच ती’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते ऐकल्यावर शाळेतल्या बाईंच्या चेहऱ्यावर काय येईल, ते तिला दिसलं. आधी आश्चर्य, मग कौतुक, मग स्वतःच्या पोटाकडे गेलेली नजर.

“त्या आता वर नसतात,” ती म्हणाली. “पण ह्या आहेत ना. ह्यासुद्धा छान दाखवतात.” आणि नव्या बाईला पुढे करून ती खाली आली.

तिथून पुढे दिवस भराभर गेले. खुर्ची खरोखरच आरामाची होती. गादीत बसलं की पाठ सैलावायची. समोर पोरी, बिलं, फोन, परत आलेला माल, आणि मालकांच्या हाका. मान वर करायला फुरसत नव्हती. सुतार अजून उगवला नव्हता, वरचं वरच होतं. अशाच एका गर्दीच्या दुपारी नवी बाई जिना उतरून आली आणि गल्ल्याच्या कडेला अवघडून उभी राहिली.

“ताई, एक सांगायचं होतं.”

“हं.”

“वरच्या ट्रायल रूममध्ये बसायला काही ठेवता येईल का? पँट घालताना एका पायावर उभं राहावं लागतं. काल एका बाईंचा तोल गेला. त्या बाहेर आल्या आणि काही न घेता…”

“बघू नंतर,” ताई म्हणाली. बिलावरून डोकं वर न काढता.

“बरं,” नवी बाई म्हणाली, आणि वळली.

ते ‘बरं’ ताईच्या ओळखीचं होतं. पेन हातातच राहिलं. तिनं मान वर केली, तर नवी बाई जिन्याशी पोचली होती आणि गुडघ्यावर हात टेकून पहिली पायरी चढत होती.

ट्रायल रूममधला तो एक पाय ताईला ठाऊक नव्हता का? किती वेळा ती स्वतः तिथे भिंतीला खांदा लावून, धडपडत, बाहेरच्या बाईला आवाज जाऊ नये म्हणून दात आवळून कपडे बदलायची. आणि हे कुणी सांगायला आल्यावर तिला आठवलंही नाही. मालकांना निदान हे सोसणं कधी माहीतच नव्हतं. तिला माहीत होतं. तिला स्वतःची अशी शरम वाटली की कान तापले.

ती उठली. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून पोटाशी घेतली. जड होती. समोरच्या गिऱ्हाइकानं वाट दिली, पोरी बघत राहिल्या. अरुंद जिन्यात खुर्चीचे पाय भिंतीला लागत होते, रंगाचे पोपडे उडत होते. अर्ध्यावर नवी बाई थांबली आणि घाबरून म्हणाली, “अहो ताई, मी घेते ना!”

“तू पुढे हो,” ताई म्हणाली. “पडदा बाजूला धर. आणि काल काय झालं ते नीट सांग. सगळं सांग.”

खुर्ची ट्रायल रूममध्ये बरोबर मावली. ताईनं तीत एकदा बसून पाहिलं, मग उठली. नवी बाई बोलत होती, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ताई तिथेच थांबली.

खाली आली तेव्हा मालक गल्ल्याशी उभे होते. रिकाम्या जागेकडे बघत त्यांनी विचारलं, “खुर्ची कुठे गेली?”

“वर.”

“मग तुम्ही दिवसभर काय करणार?”

“उभी राहीन,” ताई म्हणाली आणि अर्धवट राहिलेलं बिल पुढे ओढलं. “झेपतं मला. तेव्हाही झेपलं असतं.”