मामंजींचा पुतळा आणि झेंडूचा हार

आमच्या मामंजींना मी त्यांच्या हयातीतच एकदा मारलं आहे, तेही भर बाजारच्या दिवशी.

एकोणीसशे तीस-पस्तीसचा काळ. मुंबईत मूर्तिकला शिकून मी बारामतीत सून म्हणून आले. बाईनं माती कालवायची ती चुलीला पोतेरं घालायला, अशी सगळ्यांची समजूत! त्यातच नव्या शाळेपुढं देणगीदाराचा पुतळा बसवायचं ठरलं. मी तडक शाळेचा कारभार बघणाऱ्या गावच्या तात्यांकडं गेले.

"बाईच्या हातचा पुतळा?" तात्या हसले. "आगं, मानूस वळखू तरी येईल का?"

"आधी मामंजींचा करून दाखवते. लोकांनी ओळखला तर काम माझं!"

"आन् न्हाय वळखला तर?"

"तर जन्मभर भाकरीच थापीन!" (भाकरी मला तेव्हाही येत नव्हती, पण ते तात्यांना कुठं ठाऊक?)

मामंजी, म्हणजे गावाचे आबा, महिनाभर माझ्यापुढं बसले. नाकावर माशी बसली तरी विचारायचे, "सूनबाई, हाकलू का?" पुतळा झाला. मी तो रंगवला, मामंजींचाच जुना पटका बांधून ओसरीवर मांडला आणि हात धुवायला आत गेले. मामंजी मळ्यात उसाला पाणी द्यायला गेले होते. सासूबाईंना कौतुकाचं असं काही भरतं आलं, की त्यांनी पुतळ्याला झेंडूचा हार घातला. वर उदबत्तीही लावली!

बाजाराला निघालेल्या बायकांनी रस्त्यावरूनच ते पाहिलं.

"आबा गेलं गं बाई!"

मी बाहेर येईपर्यंत अर्धी आळी ओसरीवर रडत होती. इंदापूरची आत्तेसासू बाजाराला आली होती, ती छाती पिटतच शिरली.

"अहो, मामंजी मळ्यात आहेत!" मी ओरडले.

"पोरीनं धसका घेतलाय," असं म्हणून तिनं मला खाली बसवलं आणि नाकाला कांदा लावला!

एवढ्यात मामंजी परतले. गर्दीच्या मागं तात्या डोळे पुसत उभे होते.

"काय झालं, तात्या?"

"आबा गेलं," तात्यांनी मागं न बघताच सांगितलं. "लई गुनी मानूस. जरा चिकट हुता, पर गुनी."

"कोन चिकट?" मामंजी गरजले.

तात्या वळले आणि मटकन खालीच बसले. आत्तेसासूला घेरी आली. मी मात्र कांदा फेकून पुढं धावले.

"तात्या, बायकांनी रस्त्यावरून ओळखला! काम माझं!"

"घे बाई! पर माझा करू नगंस!"

शाळेपुढचा पुतळा मीच केला. पुढं हौसेनं स्वतःचाही केला आणि चुलीपाशी ठेवला. सासूबाई बराच वेळ त्याच्यावर करवादत होत्या, "नुसती बसून काय ऱ्हायलीस? भाकरी कोन थापनार?"

पुतळा जागचा हलला नाही. त्यात सासूबाईंना काही वेगळं वाटलंही नाही!