सतरा नंबरची सही

नाव: अर्जावर आहे. लिंग: स्त्री. वय: सत्तावन्न वर्षे अकरा महिने. उंची: पाच फुटांना दीड इंच कमी. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा कायमचा डाग. हुद्दा: कनिष्ठ लिपिक, शिष्यवृत्ती विभाग (चौतीस वर्षे, बढतीचा प्रस्ताव विचाराधीन). सेवेतील गैरवर्तन: नाही. उल्लेखनीय कामगिरी: नाही. रकाना क्रमांक चौदा, निकटच्या नातेवाइकाची सही व नाते: रिकामा. शेरा: रकाना रिकामा ठेवू नये. अर्ज परत.

बाईंच्या निवृत्तिवेतनाचा हा अर्ज मुख्य कचेरीतून परत आला तेव्हा शेवटच्या ओळीचा शिक्का बघून बाई हसल्या, असं शिपाईमामा सांगतात. तोच शिक्का बाईंच्या टेबलावरही होता. चौतीस वर्षांत त्यांनी तो किती पोरांच्या अर्जांवर उमटवला असेल, याची मोजदाद नाही. तो आपल्यावर उमटला की कसा दिसतो, हे बघायची वेळ मात्र पहिलीच.

कॉलेजच्या तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, पूर्वी प्रयोगशाळेचं सामान ठेवत ती खोली म्हणजे शिष्यवृत्ती विभाग. ॲसिडचा वास अजून गेलेला नाही. व्हरांड्याच्या बाजूला जाळीची खिडकी, तिच्याबाहेर पोरांची रांग. आत एक टेबल, एक कपाट, भिंतीलगत एक लांबलचक लोखंडी बाक, आणि तीन भिंतींवर एक्केचाळीस फ्रेमा. गरजू विद्यार्थ्यांसाठी ज्यांनी पैसे ठेवले त्यांचे हे फोटो. देणगीदाराचा फोटो लावायचा असा कॉलेजचा नियम होता, आणि देणगीदारांपैकी बहुतेक सगळे आता फोटोपुरतेच उरले होते.

प्रत्येकाची काहीतरी अट. एकाला डावखुरा विद्यार्थी हवा. एकाला बोटीवरच्या खलाशाचा मुलगा. एका गृहस्थांनी फक्त भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला द्या असं लिहून ठेवलं होतं. कॉलेजने तो विषय अकरा वर्षांपूर्वी बंद केला, त्यामुळे ते नुसते समोरच्या भिंतीकडे बघत असत. बाई या सगळ्यांबद्दल वर्तमानकाळात बोलायच्या. "चार नंबर तापट आहेत, त्यांच्याकडे नापासवाला पाठवायचा नाही." "तीस नंबर तोंडाने फटकळ, पण देतात." खिडकीशी पोरगं उभं राहिलं, की बाई त्याला प्रश्न विचारत आणि उत्तरं ऐकताना बघत मात्र भिंतीकडे.

"आई काय करते रे?"

"घरीच असते, मॅडम."

"घरी काय करते?"

"लोकांचे कपडे शिवते."

"मग घरीच असते काय म्हणतोस, गाढवा! बावीस नंबरच्या आजी तीन वर्षं तुझी वाट बघतायत."

गरिबी सगळ्यांनाच सांगता येते. आपल्या गरिबीतला नेमका कुठला तुकडा कोणाच्या अटीत बसेल, हे पोरांना ठाऊक नसतं. कॉलेजने मध्यंतरी यासाठी संगणक आणला. तो एका सेकंदात 'योग्य योजना आढळली नाही' असं सांगायचा. बाईंना अर्धा तास लागायचा, पण त्यांना आढळायची.

बाईंच्या दोन सवयी साऱ्या कचेरीत ठाऊक होत्या. पहिली, दुसऱ्याच्या सहीच्या रकान्यात पेन टेकवायचं नाही. बाकीचे कारकून पोरांची अडचण बघून बापाच्या, मामाच्या, वेळ आली तर सरपंचाच्याही सह्या ठोकून द्यायचे. बाई अर्ज परत करायच्या. दुसरी सवय जरा निराळी. जेवणाच्या सुट्टीत त्या तयार झालेला अर्ज संबंधित फोटोच्या खाली, लोखंडी बाकावर ठेवायच्या, खोलीला कुलूप लावायच्या आणि बाहेर दारासमोर मामांबरोबर डबा खायला बसायच्या. "अर्धा तास त्यांनाही बघू दे," म्हणायच्या. सुट्टी संपली की अर्ज उचलून शिफारस लिहायच्या. मामा सुरुवातीला हसायचे. पुढे पुढे तेही कुलूप लावताना दार हळू ओढू लागले.

आता सतरा नंबर. या फ्रेममध्ये फोटो नव्हता. काच, तिच्यामागे काळा पुठ्ठा, आणि खाली पितळी पट्टीवर १७. देणगीदाराने फोटो पाठवलाच नव्हता. नावाच्या जागी आद्याक्षरं होती, पत्ता नव्हता, आणि टंकलेल्या देणगीपत्रात अट एवढीच: ज्याच्यासाठी सही करायला कोणी नाही अशा एका विद्यार्थ्याला दरवर्षी. पालकाच्या रकान्यात देणगीदार स्वतः सही करील. सहीचा नमुना बँकेत मोहोरबंद ठेवला आहे.

हे पत्र बाई नोकरीला लागल्या त्याच्या आधीचं. तेव्हापासून सतरा नंबरची शिष्यवृत्ती कोणालाही मिळालेली नव्हती. कशी मिळणार? सही करणारा कुठे राहतो, राहतो की नाही, हेच माहीत नाही. बाई दरवर्षी अहवालात 'अर्जदार नाही' लिहायच्या. फ्रेम मात्र रोज पुसली जायची. ते काम मामांचं, आणि ते मामांना आवडायचं नाही.

"बाई, या काचेत माझं तोंड उशिरा हलतं."

"काच जुनी झाली, मामा."

"जुनी झाली तर अंधुक दिसेल. उशिरा कसं दिसेल?"

"तुम्ही भरभर पुसा, म्हणजे बघायची वेळ येणार नाही."

दोन वर्षांपूर्वी, प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात, एक मुलगी खिडकीशी आली. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गुणपत्रिका. गुण असे, की बाईंनी चष्मा काढून पुसून पुन्हा वाचले. प्रवेश मिळाला होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत फी भरली नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. तो दिवस बुधवार होता.

"घरी कोण आहे तुझ्या?"

"काका आहेत. आई-बाबा नाहीत."

"काकांची सही आण, बाकी मी बघते."

"नाही करत म्हणाले."

बाईंनी काकांना फोन लावला. काका सभ्यपणे बोलले. "अहो मॅडम, आज सही केली की उद्या ती माझ्या गळ्यात. मला माझ्या दोन आहेत. तिला म्हणावं, दुकानात बस माझ्या. बसवून खाऊ घालीन, सही मागू नकोस." फोन ठेवल्यावर बाईंनी एक ते एक्केचाळीस अशी भिंत वाचली. चाळीस जणांना पालकाची सही हवी होती.

"मॅडम, तुम्हीच करा ना काकांची," मुलगी म्हणाली. "ते काय बघायला येणार आहेत?"

"मी करत नाही."

"एवढीशी तर सही."

"एवढीशीच असते गं. म्हणून तर करत नाही."

मुलीने मान खाली घातली. रडली नाही, नुसती पिशवी आवळून धरली. तिची नजर बाईंच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथे थांबली. "ती फ्रेम रिकामी का आहे?" तिने विचारलं.

गुरुवारी बाईंनी सतरा नंबरचा अर्ज भरून घेतला. पालकाचा रकाना सोडून सगळं. सुट्टी झाली तसा त्यांनी तो नेहमीप्रमाणे बाकावर, सतरा नंबरच्या खाली ठेवला. खिडकी आतून बंद केली, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारासमोर मामांबरोबर डबा उघडून बसल्या. मामा सांगतात, त्या दिवशी बाईंची पोळी तशीच राहिली.

कुलूप काढून आत गेल्या तेव्हा रकाना भरलेला होता. बारीक, उजवीकडे झुकलेली, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली सही. पुढे नाते: देणगीदार. बाईंनी बोट लावलं, तर शाई बोटाला आली. खोलीत शाईचं पेन एकच होतं, आणि ते बाईंच्या पर्समध्ये, म्हणजे बाहेर त्यांच्या मांडीवर होतं.

दुसऱ्या कोणी मुकाट्याने अर्ज पुढे पाठवला असता. बाई तो घेऊन हिशेबनिसांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ही सही मी केलेली नाही. कोणी केली मला माहीत नाही."

हिशेबनिसांनी अर्ज उलटसुलट करून सही पाहिली आणि खूश झाले. "वा, बाई! बत्तीस वर्षांनी सुधारलात म्हणायच्या. आणि सुरुवातच अशी झोकात! आम्ही करतो ती कशी घाबरलेली दिसते."

"मी केलेली नाही म्हणतेय ना."

"मग अर्ज पुढे कशाला पाठवू? कोणी केली ते सांगा, नाहीतर मी केली म्हणा. दोन्ही चालेल."

"दोन्ही खरं नाही."

"मग फाडून टाका."

"मुलीची जागा जाईल उद्या."

"बाई, तुमच्या खोलीत कोणी शिरलं असेल. चला, बघू तरी." हिशेबनीस उठले. खोलीशी येऊन त्यांनी बाईंना आणि मामांना बाहेरच उभं केलं, एकटे आत गेले आणि पंचनामा करायच्या थाटात दार लोटून घेतलं. दोन मिनिटांनी बाहेर आले. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मामा," त्यांनी विचारलं, "आत माझ्यामागे कोण येऊन उभं राहिलं होतं?"

"कोणी नाही, साहेब. आम्ही दोघंही इथंच."

"बरं," हिशेबनीस म्हणाले. तिथेच व्हरांड्याच्या कठड्यावर कागद टेकवून त्यांनी 'पुढे पाठवावे' लिहिलं. त्यानंतर त्या खोलीत ते कधी गेले नाहीत. काही काम असेल तर खिडकीतून बोलायचे, तेही पोरांच्या रांगेत उभं राहून.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता बाई मुलीला घेऊन बँकेत गेल्या. नमुन्याचा लिफाफा तिजोरीत होता, लाखेची मोहोर शाबूत. बाईंनी तो आजवर पाहिलेला नव्हता. तो यापूर्वी कोणी मागितलाच नव्हता. अधिकाऱ्यांनी मोहोर फोडली, पिवळी पडलेली चिठ्ठी काढली आणि अर्जाशेजारी ठेवली. तीच झुकलेली अक्षरं, तीच शेपूट.

"खातेदार हयात आहेत का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"सही जुळते का?" बाईंनी विचारलं.

"जुळते. पण कागद बघता वय एकशे दहाच्या पुढे जातं हो."

"वयाचा रकाना आहे का अर्जात?"

अधिकाऱ्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला. वयाचा रकाना नव्हता. चार वाजून पन्नास मिनिटांनी मुलीच्या हातात फी भरल्याची पावती आली. ती पावती तिने लगेच पिशवीत घातली नाही. आधी बाईंच्या खोलीत येऊन सतरा नंबरसमोर उभी राहिली आणि काचेला दाखवली. मामा दारात होते. त्यांचं म्हणणं, काचेतल्या मुलीने पावती खाली घेतली ती खऱ्या मुलीनंतर, चांगली वाचून झाल्यावर.

त्यानंतर दरवर्षी एक सही झाली. बाईंनी दरवर्षी हिशेबनिसांना सांगितलं, ही मी केलेली नाही. हिशेबनीस दरवर्षी म्हणाले, मी विचारलंय का?

या वर्षी बाईंचा निवृत्तीचा दिवस उजाडला तरी रकाना चौदा रिकामाच होता. आईवडील केव्हाच गेलेले, लग्न केलेलं नाही, भावंडं नाहीत. बाईंनी तिथे एक रेघ मारून पाठवली होती. मुख्य कचेरीने रेघेला सही मानलं नाही आणि नवा कोरा अर्ज जोडून दिला. बाईंनी तो रकाना चौदा सोडून भरला आणि टेबलाच्या खणात कुलपात टाकला. बाकावर ठेवला नाही. "त्या जागा पोरांच्या आहेत," म्हणाल्या.

मामांनी ही गोष्ट त्या मुलीच्या कानावर घातली. ती आता शेवटच्या वर्षाला होती, चष्म्याची काडी नवी होती. दुपारी, सुट्टी संपता संपता, ती खोलीत आली ती पेनचं टोपण काढूनच.

"मॅडम, तुमचा अर्ज द्या. मी करते सही."

"आणि नातं काय लिहिशील? खोटं लिहायचं नाही हं."

"ते मी बघते. तुम्ही आधी काढा तर."

"हट्टी आहेस," बाई म्हणाल्या. खण उघडून त्यांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला आणि पाणी प्यायला वळल्या. मुलीने अर्ज वाचला. मग टोपण परत लावलं.

"मॅडम, थट्टा करताय का माझी? इथे आधीच केलीय कोणीतरी."

बाईंनी भांडं खाली ठेवलं. सही बारीक होती, उजवीकडे झुकलेली. मुलीने शेपटीवर बोट टेकवलं, तर तिच्या मधल्या बोटाला शाईचा डाग पडला. तो अजून गेलेला नाही.

नाते या रकान्यात 'पालक' असं लिहिलं होतं. बाई त्या दिवशी अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या होत्या.