माझ्या डाव्या बाजूचा माणूस

डॉक्टरांच्या खोलीत मी एका पायात चप्पल घालून शिरलो. दुसरी बाहेर बाकाखाली राहिली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मागून मंगला, म्हणजे माझी बायको, ती हातात घेऊन आली. चारचौघांत हा माणूस आपला नाही म्हणता आलं तर बरं, असं तिचं तोंड झालं होतं.

मी कसंनुसं हसलो, म्हटलं, घाईत राहून गेली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “चप्पल निघाली ते पायाला कळलं नाही?”

“नाही.”

मग त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. मेंदूत पांढरे ठिपके होते. “मल्टिपल स्क्लेरोसिस,” ते म्हणाले. “आपण एमएस म्हणतो. हा बरा होत नाही. आवाक्यात ठेवता येतो.”

माझं नागपुरात नंदनवनला पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. आधीच्या हिवाळ्यात मला एका गिऱ्हाइकाच्या जागी दोन दिसायला लागली होती. व्यापारी माणूस अशी तक्रार घेऊन दवाखान्यात जातो का? डोळ्यांचं आपसूक बरं झालं. मग डावा पाय मुंग्या येऊन जड झाला, आणि एक दिवस गठ्ठा काढताना मी स्टुलावरून थेट कापडाच्या ढिगात पडलो. लागलं काहीच नाही. समोरच्या बाईंनी तेच कापड पसंत केलं.

ज्यांच्या घरी हा आजार नुकताच आला असेल, त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगतो. आपल्या नसांवर वायरीसारखं एक वेष्टन असतं. शरीराचीच राखण करणारी पोलीस यंत्रणा चुकून ते वेष्टन कुरतडते. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. खात्रीसाठी लंबर पंक्चर करतात, म्हणजे कमरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढून तपासतात. ऐकायला भयंकर वाटतं, तितकं नाही. त्यानंतरची डोकेदुखी मात्र आहे, पडून राहा. आजार अचानक उसळतो त्याला रिलॅप्स म्हणतात. तेव्हा स्टिरॉइडची सलाईन लावतात. त्या दिवसांत मला इतकी भूक लागायची, की मंगलानं पोह्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. स्टुलावर चढणं मला बंद होतं, हे तिला ठाऊक होतं.

आणि नागपूरकरांनो, उन्हाळा. अंग तापलं की माझा पाय ओल्या चादरीसारखा लोंबायचा, डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. लोक म्हणाले ऊन लागलं, सासूबाईंनी खिशात कांदा ठेवला. डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं उघड्या पडलेल्या नसेचा निरोप अडखळतो, गार झालं की परत येतो, घाबरू नका. दुपारचं बाहेर जाणं सोडा.

प्रभाकर ढोके मला फिजिओथेरपीत भेटला. कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरीला होता, आजारामुळे ती सोडून आमच्याच वस्तीत भाड्यानं राहायला आला होता. आजारात मला बराच सीनियर. तिथे जमिनीवर एक पट्टी आखलेली असते, तिच्यावरून टाचेला बोट लावत चालायचं. मी त्या पट्टीवर कसरत करत होतो आणि हा खुर्चीवरून म्हणाला, “शेठ, दुकान बंद करून सर्कस काहून नाही काढत?” पुढचा नंबर त्याचा होता. तो माझ्याहून वाईट चालला. मग आमचं जमलं.

त्याचा उजवा पाय कमजोर, माझा डावा. तिथल्या मॅडमनी आम्हाला एकमेकांच्या हातात हात अडकवून उभं केलं, दुबळे पाय आत, धड पाय बाहेर. प्रभाकर माझ्या डाव्या बाजूला. शाळेतल्या तीन पायांच्या शर्यतीसारखे आम्ही चाललो आणि पडलो नाही. त्यानंतर रोज ऊन चढायच्या आत बागेत आमची ही जोडी निघायची. सकाळी सकाळीच घेतली का, असं एकानं विचारलं तेव्हा प्रभाकर म्हणाला, “हो ना भाऊ, तुमच्यासाठीच नाही उरली.” फिरून झालं की टपरीवर झणझणीत रस्सा घातलेले तर्री पोहे. घरी मी आजारी होतो, दुकानात बिचारा होतो, त्याच्याबरोबर नुसता शेठ होतो.

पण एमएसचे प्रकार असतात. माझा रिलॅप्सिंग, म्हणजे उसळून ओसरणारा. नव्या औषधाला त्यानं दाद दिली आणि मी सुधारत गेलो. प्रभाकरचा सेकंडरी प्रोग्रेसिव्ह झाला होता. म्हणजे आता ओसरणं नाही, हळूहळू खालीच जाणं. आधी त्याला काठी आली, मग वॉकर आला. मी त्याच्या घरी जाऊन बसायला लागलो. एकदा मी उठून सहज दार लावलं, कशालाही न धरता. तो बघत राहिला.

“शेठ, तू काही दिवस येऊ नोको.”

मी विचारलं, काहून?

“तू चांगला होऊन राहिला. मले पाहवत नाही गा.”

त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. तो माझी माफी मागावी तसा बोलला. मी घरी आलो, मंगलाला म्हटलं त्याला आराम हवा आहे. बागेत एकटा गेलो. मला आता आधार लागत नव्हता, तरी डावा हात आपोआप बाजूला व्हायचा. दोन-तीन फेऱ्यांनंतर मी जाणंच सोडलं. आजार झाला तेव्हा मी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो.

पुढे शोभा वहिनी, त्याची बायको, त्याला पारशिवनीकडे गावी दिराजवळ घेऊन गेल्या. एकटीनं उचलणं होईना. थंडीत त्यांचा मंगलाला फोन आला. म्हणाल्या, बोलत नाही कोणाशी, भावजींना आणा.

आता माझी अक्कल ऐका. वाटभर मी एकच विचार केला, की याला आपलं बरं होणं दिसता कामा नये. तो अंगणात, चाकाच्या खुर्चीत, शाल पांघरून बसला होता. गाडीतून उतरलो आणि मी लंगडायला लागलो. चांगला जोर लावून, फाटकाला धरून, मध्ये थांबून दम खात. मंगला थक्क होऊन बघत होती. मी त्याच्यापाशी पोचलो.

प्रभाकरची जीभ आता जड झाली होती. एकेक शब्द वेळ घेऊन यायचा.

“शेठ. तुहा डावा पाय खराब हाय.”

मी उजव्या पायानं लंगडत आलो होतो.

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, वहिनी पाणी घेऊन धावल्या, आणि पाणी पिऊन झाल्यावर तो हसत नव्हता. मी खाली त्याच्या खुर्चीजवळ बसलो. म्हटलं, पट्टीवर पुन्हा पाठवा मला.

“नाटक नोको करू,” तो म्हणाला. “चालून दाखव.”

मी नको म्हटलं. त्यानं मान हलवली. “मले पाहू दे.”

म्हणून मी उठलो आणि त्या अंगणात सरळ चाललो. तुरीच्या पेंढ्यांपासून विहिरीपर्यंत आणि परत. तो म्हणाला, पुन्हा. मी पुन्हा चाललो. कोणाच्याही आधाराशिवाय इतकं चांगलं मी तोवर कधी चाललो नव्हतो, आणि इतकं जड पाऊलही कधी पडलं नव्हतं. तो डोळे न हलवता माझ्या पायांकडे बघत होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता. माझं पाऊल पडलं की त्याचं बोट किंचित हलायचं.

निघताना म्हणाला, पुढच्या महिन्यात ये, पण ढंगानं चालत ये. मी जातो. दर महिन्याला जातो आणि आधी चालून दाखवतो, मग आम्ही बसतो. आता बोलतो मीच.

तुमच्यातल्या कोणाचं हे दुखणं असेल तर औषध चुकवू नका, उन्हात जाऊ नका, आणि बरोबर चालायला माणूस शोधा. तो मागे राहू शकतो. तुम्हीही राहू शकता. तरी शोधा.

त्या पहिल्या दिवशी परतताना गाडी मंगला चालवत होती. मला वाटलं, लंगडण्यावरून आता कान उपटणार. मग रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “वहिनी मले विचारून राहिल्या होत्या, भावजी बरे झाले ना म्हणून. मी म्हटलं, आज बरे आहेत.”